सात नंबरचं मशीन

मारुती मंदिराजवळच्या कॉम्प्युटर क्लासात जन्नतची न् साकिबची गाठ पडली ती एका चुकीपायी. साल दोन हजार सात. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की वेबसाइट तिथल्या तिथे तयार, दुसरी केली की सुरू! जन्नतची मात्र काही केल्या सुरू होईना. मागच्या सात नंबरच्या मशीनवरचा पोरगा पुढे वाकला, एक अक्षर बदललं... आणि अब्बांच्या आंब्यांची साइट समोर हजर. मग त्या आगाऊ पोराने साइटच्या पत्त्यापुढे स्वतःचं नाव टाइप केलं — साकिब. ‘असं पान नाही,’ मशीनने सांगितलं.

“बघ, तुझ्या साइटवर मीच नाही!”

“तू काय आंबा आहेस?” जन्नत फणकारली. पण कान लाल झालेच की हो!

दोन महिने रोज हाच खेळ. उद्या साकिब मस्कतला निघणार होता, दोन वर्षांच्या नोकरीवर. म्हणून काल जन्नतने धीर करून त्याच्या नावाचं पान बनवलं. आत एकच ओळ : ‘मी वाट बघू का?’

घरी गेल्यावर मात्र तिला धडकी भरली. हसला तर? पोरांना दाखवलं तर? नकोच ते... सकाळी आधी पुसून टाकायचं!

सकाळी ती खुर्चीवर टेकते न टेकते तोच सर म्हणाले, “साइट सुरू करा न् हात बाजूला. आता एकमेकांच्या साइट आपापल्या मशीनवरून बघा.” आणि नेमके तिच्याच खुर्चीमागे उभे राहिले.

झालं! कुठल्या मशीनने कुठलं पान मागितलं, ते तिच्या काळ्या खिडकीत उमटायला लागलं. तीन नंबर — हापूस. पाच नंबर — पायरी.

सात नंबर — साकिब.

जन्नतला मागे वळून बघायचा धीर होईना. एक मिनिट गेलं... दोन गेली... सातवरून काहीच नाही. या अल्ला, काय करून बसले मी!

मग ओळ उमटली. सात नंबर — हो. पान सापडलं नाही.

सात नंबर — वाट-बघ. पान सापडलं नाही.

सात नंबर — मी-येतो. पान सापडलं नाही.

“जन्नत,” सर चष्मा सावरत म्हणाले, “ही पानं कुणीतरी मागतंय, आणि तुझ्या साइटवर ती नाहीतच.”

“बनवते सर... आत्ता बनवते,” जन्नत म्हणाली, आणि डोळे पुसत तिने मागे वळून पाहिलं.