तीन कीबोर्ड आणि एक किल्ली

शनिवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी अल्का शहारे धुरपताबाई उके यांच्या तपास कार्यालयात आली आणि तिनं धानाच्या रिकाम्या चुंगडीतून तीन कीबोर्ड काढून टेबलावर ठेवले.

"पाच दिवसांत तिन्ही मेले," ती म्हणाली. "अन नाव संघदीपवर येऊन राहिलं."

गोंदियातल्या या दोन खोल्यांमध्ये बहुतेक लोक लग्नाआधीची चौकशी करायला येत. धुरपताबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली होती. त्यांचे मदतनीस बकाराम पटले हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बाईंच्या आधी मत बनवायचं आणि बाईंच्या नंतर ते बदलायचं, हा त्यांचा क्रम ठरलेला होता.

"संघदीप कोण?" बाईंनी विचारलं.

"आमच्या गावच्या वाचनालयाची किल्ली त्याच्यापाशी असते. मले टायपिंग त्यानंच शिकवलं. क्लार्कची एक जागा निघाली हाये, आमी दोघंही फॉर्म भरले. आठ दिवसांनी परीक्षा. गावात वाचनालयाचा एकच कॉम्प्युटर. लोक म्हणतात, अल्काची प्रॅक्टिस होऊ नये म्हणून तोच कीबोर्ड मारून राहिला."

"तुला काय वाटतं?"

"मले तसं वाटलं असतं तं इथं कायले आली असती, बाई?" अल्काचा आवाज चढला. "आज पाच वाजता कमिटी त्याची किल्ली काढून घेणार हाये. दहा वर्षांपासून हाये त्याच्याकडं. किल्ली गेली तं तो गावात राहणार नाही."

धुरपताबाईंनी पहिला कीबोर्ड आपल्या कॉम्प्युटरला लावला. अक्षरं उमटली. दुसरा लावला, तिसरा लावला. तिन्हींवर सगळी बटणं चालली.

"बाप्पा! मेलेले उठले!" बकाराम म्हणाले.

"गाडी काढा," बाई म्हणाल्या.

चोरखमारा तलावाच्या कालव्याकाठचं ते गाव. वाटेत दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालू होती. बारा वाजायच्या आत ते वाचनालयात पोचले.

विहाराला लागून असलेली एकच खोली, दोन आठवड्यांपूर्वी रंगवलेली. भिंती निळ्या, कपाटं निळी, पाण्याच्या माठाचा स्टँडही निळा. रजिस्टरांना निळ्या कापडाचे पुठ्ठे. कॉम्प्युटर भिंतीतल्या कोनाड्यात इतका घट्ट बसवला होता की मागे बोटही जात नव्हतं. पुढच्या बाजूला तारा लावायची दोन भोकं होती. त्यांच्या आतल्या पट्ट्या निळ्या. एकात माउसची तार होती, दुसरं रिकामं होतं.

संघदीप दारातच उभा होता. एकोणतिशीचा, दाढी वाढलेली. किल्ली त्यानं आधीच टेबलावर काढून ठेवली होती.

"उचल ती," धुरपताबाई म्हणाल्या. "पाच वाजले नाहीत. झालं काय ते सांग."

"सोमवारी लाइट गेली, आली, परत गेली. कॉम्प्युटर चालूच होईना. वाचनालयाले एका कंपनीनं दिला होता, सोबत जुनी डीव्हीडी होती. टायपिंगचा प्रोग्राम त्याच जुन्या सिस्टीमवर चालते, म्हणून तीच नव्यानं टाकाले घेतली. कॉम्प्युटर चालू केला की कीबोर्डचा दिवा लागते. बटणं चालतात. डीव्हीडीपासून सुरू कर, हे मी त्याच कीबोर्डवरून सांगतो. पुढं भाषा निवडाचा चौकोन येते, अन दिवा विझते. मग काही दाबा, चौकोन हलत नाही."

"माउस?"

"तोही त्याच वेळी मरते."

"दर वेळी त्याच ठिकाणी?"

"तिन्ही कीबोर्ड त्याच ठिकाणी गेले. पहिला इथलाच. दुसरा तिरोड्याहून आणला. तिसरा इथं वाचाले येणाऱ्या दीप्तीच्या मामाचा, तो गोंदियाले राहते."

"दुसरीकडे लावून पाहिलेस?"

"गावात दुसरा कॉम्प्युटर कुठं हाये जी? सगळ्याईकडं मोबाइल."

बकारामांनी बाईंना बाजूला घेतलं. "पोरगा कबूल झाला की. डीव्हीडीतच काहीतरी भरून ठेवलं त्यानं."

"तो कबूल नाही झाला, बकाराम. त्यानं जे पाहिलं ते सांगितलं."

दुसरी साक्ष चंदाची. खोली तिनं रंगवली होती आणि रंगाचं पाणी कॉम्प्युटरमध्ये गेलं असं निम्मं गाव म्हणत होतं. ती भारा टाकून विळ्यासकट आली.

"माह्यावर कायले घेता? रंगाच्या आधी म्या तो डब्बा चादरीत गुंडाळून बाहेर नेला. थेंब नाही लागला. अन रंगकामानंतर आठ दिवस चालला की तो. विचारा अल्काले."

अल्कानं मान हलवली.

"तारा तू काढल्यास?" बाईंनी विचारलं.

"म्याच काढल्या. भितीकडून, मागून. पण लावल्या नाही. बाबा म्हणाले, 'तू हात लावू नोको, मी लावतो.'"

"बाबा म्हणजे?"

"यादोराव बाबा. अध्यक्ष."

यादोराव मेश्राम शहात्तर वर्षांचे. बिडीच्या कारखान्यात राबून त्यांनी एकेक पुस्तक जमवलं आणि हे वाचनालय उभं केलं. संघदीपच्या हाती किल्ली त्यांनीच दिली होती, आणि ती परत घ्यायचा प्रस्तावही त्यांचाच होता. निळ्या पेनानं ते बैठकीचा विषय लिहीत होते. संघदीपकडे त्यांनी पाहिलं नाही.

"पोटच्या पोरासारखा धरला होता मी याले," ते म्हणाले. "म्हणूनच जास्त लागते."

"बाबा, रंगकामानंतर तारा तुम्ही लावल्या?"

"हो. जिथं शोभतात तिथं लावल्या. चांगल्या चालल्या. त्याचा याच्याशी काय संबंध?"

"दोन वाजता सगळ्यांना इथं बसवा," धुरपताबाई म्हणाल्या. "तोवर आम्हाला जेवू घाला. बकारामांची भूक लपत नाही."

दोन वाजता खोलीत यादोराव, संघदीप, अल्का आणि चंदा होते. कमिटीचे चौघे दाराशी बसले.

"कीबोर्ड एकही मेला नाही," बाईंनी सुरुवात केली. "तिन्ही माझ्याकडे चालले. म्हणजे दोष कीबोर्डांचा नाही. माउसही त्याच क्षणी जातो, म्हणजे चहा सांडला, बटण अडकलं, उंदरानं कुरतडलं, हे सगळं बाद. एकाच वेळी दोघांना उंदीर लागत नाही."

"मग कॉम्प्युटरच बिघडला," बकाराम म्हणाले.

"तोही नाही. सुरुवातीला दिवा लागतो, बटणं चालतात. म्हणजे भोक चांगलं, तार चांगली. मग बदलतं काय? ऐकणारा बदलतो. सुरुवातीला कॉम्प्युटरमधला मुळातला प्रोग्राम ऐकत असतो. पुढे डीव्हीडीतला प्रोग्राम कारभार हाती घेतो. एक्स्चेंजमध्ये आमची ड्यूटी बदलायची तसंच. पहिल्या बाईला ती लाइन ठाऊक, दुसरीला नाही."

"पण आधी तं हीच सिस्टीम होती," संघदीप म्हणाला. "तिले कशी ठाऊक होती?"

"चांगलं विचारलंस. कंपनीनं मशीन दिलं तेव्हा त्यांच्या माणसानं या भोकांची ओळख करून देणारा प्रोग्राम वेगळा टाकला असणार. म्हणून रंगानंतर आठ दिवस ते चाललं आणि रंगकामावर कोणाचा संशय गेला नाही. सिस्टीम गेली तशी ती ओळखही गेली. डीव्हीडी जुनी आहे, आणि आत निळी पट्टी असलेली ही भोकं तिच्या नंतरची. नव्या, वेगवान भोकाची ती खूण असते. माझ्या कार्यालयातल्या मशीनलाही आहे."

"अन दुसरी भोकं?" अल्कानं विचारलं.

"चंदानं तारा मागून काढल्या. मागची भोकं कोनाड्यात दडली, म्हणून संघदीपनं दर वेळी कीबोर्ड बदलला, भोक बदललं नाही. संघदीप, मशीन बाहेर ओढ."

संघदीप आणि चंदानं मशीन ओढून काढलं. मागे चार काळी भोकं होती. संघदीपनं माउसची आणि परत आणलेल्या एका कीबोर्डची तार तिथं लावून कॉम्प्युटर सुरू केला. कीबोर्डचा दिवा लागला. भाषेचा चौकोन आला. दिवा क्षणभर विझला, पुन्हा लागला. त्यानं बाणाचं बटण दाबलं. निवड एक ओळ खाली सरकली.

अल्का मोठ्यानं हसली आणि लगेच डोळे पुसू लागली.

"तारा पुढे कोणी लावल्या हे महत्त्वाचं नाही," धुरपताबाई म्हणाल्या. "कोणालाही—"

"म्या लावल्या," यादोराव म्हणाले. ते उभे राहिले होते. "खोली निळी केली. भिती केल्या, कपाटं केली. अन तारा पाह्यल्या तं काळ्या भोकातून निघालेल्या. समोर दोन निळी भोकं रिकामी. मले वाटलं, आपलं निळं असताना काळ्यात कायले ठेवाचं?"

कोणी हसलं नाही. चंदाला हसू आलं होतं, तिनं पदर तोंडावर धरला.

"अन पोराले चोर म्हटलं," ते म्हणाले.

"बाबा, तुमाले कुठं माहीत होतं," संघदीप म्हणाला.

"माहीत नव्हतं, तं तुले विचाराचं होतं. पाच दिवस मी तुह्याशी बोललो नाही."

सिस्टीम बसायला सव्वा तास लागला. संघदीपनं डीव्हीडीतून मराठी टायपिंगचा प्रोग्रामही टाकला. पाचला बैठक सुरू झाली तेव्हा यादोरावांनी रजिस्टर बाजूला सारलं आणि ते कॉम्प्युटरसमोर बसले.

"ठराव इथंच लिहितो."

"बाबा, मी टाइप करतो ना. तुमी फक्त सांगा."

"नोको. चूक माझी, बोटंही माझीच. अक्षर कुठं हाये तेवढं दाखव."

ते उजव्या हाताच्या एका बोटानं लिहीत होते. 'क' सापडायला वेळ लागला. 'ल्ली' कशी काढायची ते संघदीपला दोनदा सांगावं लागलं. मधेच सगळं पुसलं गेलं तेव्हा बकारामांनी डोक्याला हात लावला. दोघे बाहेरगावचे होते, त्यांच्या शेवटच्या बसची वेळ झाली तरी कमिटीतलं कोणी हललं नाही.

ठराव दोन ओळींचा होता: अध्यक्षांनी संघदीपवर केलेला आरोप चुकीचा होता, त्याबद्दल अध्यक्ष माफी मागतात. वाचनालयाची किल्ली संघदीपकडेच राहील.

चाळीस मिनिटं लागली. यादोरावांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पाच दिवसांत पहिल्यांदा संघदीपला वाचनालयाचं काम सांगितलं.

"उद्या सकाळी सहालाच उघडजो. अल्काले बसाचं हाये."