अकरा फेऱ्या उरल्या असताना

निधी चुकीचा जिना चढली होती. ऑफिसची मंडळी खाली स्टँडमध्ये बसलेली, आणि ही कोल्ड्रिंक घेऊन टेक्सासमधल्या त्या छोट्याशा कार-रेस ट्रॅकवरच्या स्टँडच्या थेट गच्चीवर.

"आई, नंतर करते. इथं काही ऐकू येत नाहीये," म्हणत तिनं फोन ठेवला, तोच हेडसेट लावलेला एक मुलगा वळला.

"मराठी? मग तू प्रॉब्लेम आहेस."

"का?"

"बाकीच्या टीम्स आमचा रेडिओ ऐकतात. म्हणून बहिणीशी मी मराठीत बोलतो. इथं कोणालाच कळत नव्हतं... आत्तापर्यंत."

तो नकुल. जन्मापासून इथल्याच प्लेनो शहरातला. खालची निळी गाडी चालवत होती त्याची धाकटी बहीण, रुही. तिला गाडीतून आजूबाजूचं फारसं दिसत नाही; वरून बघून सांगायचं ते यानं. त्यानं जास्तीचा हेडसेट निधीच्या कानांवर ठेवला—इतका अलगद, की तिचे कान उगाच तापले.

"आतून एक आला... अजून आहे... गेला. क्लिअर," तो रेडिओवर रुहीला सांगत होता.

"गाडी आहे ना? मग गेली," निधीनं त्याचं मराठी सुधारलं.

"रेसनंतर शिकव," ट्रॅकवरची नजर न हलवता तो हसला.

पण रुहीची गाडी भिंतीला चाटून गेली की निधी कठडा घट्ट पकडे. बारा फेऱ्या उरल्या... अकरा... आणि पुढच्या गाडीचा टायर फुटला. धूरच धूर.

"वर जा. रुही, वर—" नकुल ओरडला. निळी गाडी उतरत्या ट्रॅकच्या वरच्या, भिंतीकडच्या बाजूला वळली.

मागून कुणीतरी येऊन धडकलं. निळी गाडी सरळ भिंतीवर आदळली.

हेडसेटमध्ये नुसती खरखर.

"रुही, बोल." मग हळूच, "बोल ना गं..."

नकुलचा चेहरा पांढराफटक पडला. "मी खाली म्हणालो का? घाबरलो की माझे वर्ड्स मिक्स होतात... मीच चुकीचं सांगितलं."

तो नक्की काय म्हणाला, हे त्या गच्चीवर मराठी कळणाऱ्या एकाच माणसाला सांगता येणार होतं. निधीनं त्याचा हात घट्ट धरला.

"तू वर म्हणालास. दोनदा. मी ऐकलंय. ती वरच वळली होती, मागच्यानं धडक दिली."

तेवढ्यात खरखरीतून बारीक आवाज आला—

"दादा... आय ॲम ओके. श्वास अडकला होता फक्त."

नकुलनं कठड्यावर डोकं टेकलं. निधीचे डोळे भरून वाहत होते.

तासाभरानं डॉक्टरांनी रुहीला सोडलं. ती मोडकी गाडी बघायला गेली आणि हे दोघं पार्किंगमध्ये उरले.

"तुझे लोक थांबलेत?" नकुलनं विचारलं.

"हो. माझ्यासाठीच."

"मी सोडतो ना तुला." तो अडखळला. "मला तू आवडलीस, निधी. एरवी सांगायला महिना लावला असता. पण आज... आज थांबायची हिंमत नाहीये."

निधीनं ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं—तुम्ही निघा, मला राइड मिळाली—आणि फोन त्याच्यासमोर धरला.

त्यानं ते दोनदा वाचलं.