जिवंत डॉमनिकचा अंत्यविधी

"मर्सीबाय, मी मेलोय का गं?"

फोनवर डॉमनिक परेराचाच आवाज होता. मर्सी तुस्कानो काळी साडी नेसून त्याच्याच अंत्यविधीला निघाली होती. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुठून बोलतोयस?"

"घरातून. मागच्या वाडीतून शिरलो. पुढे अंगणात अर्धं पापडी गाव उभं आहे पुष्पचक्रं घेऊन. खिडकीतून बघतोय केव्हाचा. ये लवकर."

डॉमनिक आणि त्याची मुलगी रीमा तीन दिवस चर्चच्या प्रार्थना-शिबिराला, रिट्रीटला गेले होते, फोन बंद करून. काल संध्याकाळी गावाच्या वेबसाइटवर त्याच्या फोटोसकट बातमी झळकली: वाचनालयाचे अध्यक्ष रिट्रीटमध्येच हृदयविकाराने गेले, अंत्यविधी शनिवारी सकाळी. विचारायला फोन लावावा तर दोघांचेही बंद. मग गावाने कशाला शंका घ्यावी?

मर्सी पोचली तेव्हा डॉमनिक ओटीवर आला होता. अंगणात कुणी छातीवर क्रुसाची खूण केली, कुणाच्या हातातलं पुष्पचक्र खाली पडलं. फाटकापाशी एकच बाई हुंदके देत होती. डॉमनिकची धाकटी बहीण ज्युलिएट.

"ज्युली, पुरे आता. जिवंत आहे तो," मर्सी म्हणाली. "एकटीच आलीस? आत्माराम कुठे?"

"पहाटेच होडी घेऊन गेला." ज्युलिएटने डोळे पुसले. "मला काल सांजेलाच कळलं गं. रातभर डोला नाय लागला. पानी सुदिक नाय उतरलं घशाखाली."

डॉमनिकने बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने अर्नाळ्याच्या आत्माराम मांगेल्याशी, जातीबाहेरच्या हिंदू मच्छीमाराशी लग्न केलं, तेव्हापासून हा माणूस तिच्याशी बोलत नव्हता. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हाही त्याने बहिणीला फोन केला तो माती पडल्यावर. तो दिवस मर्सी विसरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती समाचाराला अर्नाळ्याला गेली, तर आत्मारामची होडी किनाऱ्याला बांधलेली. घरात सुतक असलं की आम्ही दर्यात जात नाही, असं तो म्हणाला होता. मर्सीला तेव्हा डॉमनिकच्या थोबाडीत मारावीशी वाटली होती.

दुपारी वाचनालयात डॉमनिकने टेबलावर मूठ आपटली.

"जेसनच! दुसरं कोण? उद्या चर्चमध्ये तिसरी घोषणा आहे ना लग्नाची? होणार नाही! फादरना मी स्वतः सांगतो."

जेसन भिंतीला टेकून उभा होता. रीमाशी त्याचं लग्न ठरलं होतं, लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये करायची घोषणा दोनदा झाली होती. गावाची वेबसाइट आणि वाचनालयाचा कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. रीमा कोपऱ्यात रडून रडून लाल झाली होती.

"भांडण कशावरून झालं होतं तुमचं?" वाचनालय मर्सीच्या ताब्यात होतं, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. तरी तिने विचारलं.

"ब्राउझरवरून. मी म्हटलं, जुनाच अपडेट कर. याला नवाच हवा."

"अंकल, जुना या कॉम्प्युटरवर अपडेट होतच नाही," जेसन म्हणाला. "आपल्या वेबसाइटचं पान त्यात अर्धवट उघडतं, बातमी टाकायचं बटणच दिसत नाही. सहा वेळा सांगितलं तुम्हाला."

"आणि मी नाही म्हटलं. मग माझ्या पाठीमागे कुणी बसवला नवा?"

"मी. शुक्रवारी दुपारी."

"मी परवानगी दिली," मर्सी म्हणाली. "तुझी वाट बघत बसलो असतो तर वेबसाइटला बुरशी आली असती."

"बघा! वेबसाइटच्या नोंदीतच आहे, बातमी गेली याच कॉम्प्युटरवरून, नव्या ब्राउझरमधून. पासवर्ड फक्त याच्याकडे. फोटो माझ्या आईच्या अल्बममधला. हा आमच्या घरात येतो-जातो. आणखी काय पुरावा हवा?"

पुरावा तसा घट्टच होता. पण मर्सीला तो फारच आयता वाटला.

"जेसन, नवा बसवलास म्हणजे नेमकं काय केलंस?"

"त्याने विचारलं, जुन्यातलं सगळं आणू का? मी हो म्हटलं. खुणा करून ठेवलेल्या साइट, साठवलेले पासवर्ड, सगळं आलं."

"वेबसाइटचा पासवर्डसुद्धा?"

जेसनचा चेहरा उतरला. "हो. आपोआप भरला जातो."

"म्हणजे शुक्रवारी दुपारनंतर या खुर्चीत जो बसला, त्याला पासवर्ड माहीत असायची गरजच नव्हती."

"आणि तू कुठे होतीस?" डॉमनिक गुरकावला.

"गावच्या क्रुसापाशी, रोझरीच्या प्रार्थनेला. दार उघडं होतं, बाजार आटोपून बायका पंख्याखाली येऊन बसतात म्हणून. तू शिव्या घाल हवं तर, पण आधी मला बघू दे."

मर्सीने दोन्ही ब्राउझर शेजारी शेजारी उघडले. जुन्यात वरच्या पट्टीवर शब्दकोश, वर्तमानपत्रं, परीक्षांचे निकाल. नव्यातही तेच. पण नव्यात पुढे आणखी दोन खुणा होत्या: अर्नाळ्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा, आणि समुद्रावरच्या वाऱ्याचा अंदाज.

"या तू टाकल्यास?"

"नाही आंटी. दोन्हीकडे सारखंच हवं."

मर्सीने त्या दोन्ही खुणा बोट ठेवून पुन्हा वाचल्या. मग तिने अर्नाळ्याला फोन लावला. "ज्युली, संध्याकाळी वाचनालयात ये. डॉमनिकसमोर बोलायचंय. नाही आलीस तर मी तिथे येईन."

ज्युलिएट आली. पुष्पचक्राचा चुरगळलेला कागद अजून तिच्या पिशवीत होता.

"काल तू सुकी मासळी विकून इथे पंख्याखाली बसलीस," मर्सी म्हणाली. "मी रोझरीला गेले. कॉम्प्युटर चालू होता. फोटो तुझ्या मेलमध्ये होता, म्हणून तुला मेल उघडावा लागला. नव्या ब्राउझरने विचारलं, तुमचं खातं जोडू का? तू हो दाबलंस. तुझ्या फोनमधल्या खुणा इकडे आल्या. आत्माराम बघतो ना भरतीच्या वेळा तुझ्या फोनवर?"

"अर्नाळ्यात काय मी एकलीच हाय?"

"नाहीस. पण आईच्या अल्बमचे फोटो घरातल्यांखेरीज कुणाकडे असणार? आणि दुसरं सांगते. भाऊ गेल्याचं तुला काल सांजेलाच कळलं. तुझ्याच तोंडचे शब्द. मग पहाटे होडी दर्यात कशी गेली? सासू गेली तेव्हा ज्याने होडी बांधून ठेवली, तो मेहुण्याच्या मातीच्या दिवशी मासे मारायला जातो? तू त्याला सांगितलंच नाहीस. कारण कुणी मेलंच नव्हतं."

ज्युलिएटने नाकारलं नाही. तिने पदर खोचला आणि भावासमोर उभी राहिली.

"व्हय, मीच केलं. आईचं तोंड बघू नाय दिलंस मला. माती पडल्यावर फोन केलास! दोन वरसं मी वाट बघितली. तू खिडकीत हुतास ना सकाली? बघितलंस ना? अख्खा गाव आला, पन तुझ्यासाठी कोन रडलं?"

डॉमनिक खिडकीत होताच. त्याने ऐकलं होतं, अंगणात लोक भाताच्या लावणीबद्दल आणि शेजारच्या उमेळ्याच्या नव्या बिल्डिंगबद्दल बोलत होते. कुणी हसलंही होतं.

"तू रडलीस," तो शेवटी म्हणाला.

"मी आईसाठी रडले. तवा रडायला मिललं नाय."

ज्युलिएटला कवेत घ्यावंसं मर्सीला वाटलं, आणि तितकाच तिचा रागही आला. "आणि हा पोरगा? त्याचं लग्न मोडत होतं ज्युली. सकाळपासून तू गप्प बसलीस."

ज्युलिएटने पहिल्यांदा मान खाली घातली. "त्येच्यावर येईल असं नव्हतं वाटलं. आल्यावर बोलायची हिंमत नाय झाली." ती रीमाकडे वळली. "चुकलं माझं, पोरी. तुझ्या बापाची माफी मात्र नाय मागनार."

डॉमनिकने फादरना फोन लावला. उद्याची तिसरी घोषणा होऊ द्या, एवढंच बोलला आणि ठेवला. मग जेसनला म्हणाला, "नवाच राहू दे." जेसनने बातमी काढून टाकली आणि ज्युलिएटचं खातं ब्राउझरमधून वेगळं केलं. भरतीच्या वेळा पट्टीवरून नाहीशा झाल्या.

ज्युलिएट दाराशी पोचली तेव्हा डॉमनिकने मागून हाक मारली. किती तरी वर्षांनी तिचं नाव त्याच्या तोंडी आलं.

"ज्युली. मी खरंच गेलो, तर होडी बांधून ठेवशील?"

तिने वळूनही पाहिलं नाही.

"वेलेत कलवलं तर."