चाळीस ओळींचं अंतर

इकडच्या छोट्या विमानतळावरून तिकडच्या छोट्या विमानतळावर गाडीने जायचं तर डोंगर ओलांडता ओलांडता दिवस मोडतो. विमानाने मात्र दोनशे दहा किलोमीटर, चाळीस मिनिटं. वैमानिकाच्या बायकोला हे अंतर वेगळ्याच मापाने पाठ होतं: चाळीस ओळी. त्यांचं विमान उडालं की ती सुया हातात घ्यायची, मिनिटाला एक ओळ विणायची. ते उतरून फोन करेपर्यंत हात थांबवायचा नाही, हा तिचा लग्नापासूनचा नेम. ते हसायचे, "जरा जास्तीची लोकर आणून ठेवत जा बाई. मध्येच संपली तर मी उतरू कुठे?"

सात वर्षांपूर्वी विमान सकाळी अकराला उडालं. सव्विसाव्या ओळीला फोन वाजला, पण तो विमानतळावरून होता. संपर्क तुटला होता. माणसांनी डोंगर पालथे घातले. विमानाचा पत्रासुद्धा हाती लागला नाही. तिने सुया विणकाम-लोकरीसकट होत्या तशा काचेच्या कपाटात ठेवल्या, किल्ली गळ्यात अडकवली आणि देवाला बोलून ठेवलं, ते उतरल्याशिवाय पुढचा टाका घालणार नाही.

आज सकाळी धाकटी नणंद आली ती कागद घेऊनच. भाऊ हयात नाही असं जाहीर करायचा अर्ज. खाली वहिनीची सही तेवढी हवी होती.

"सात वर्षं झाली, वहिनी. दादाला मोकळं करा आता. स्वतःलाही."

"करते हो. अकरा सव्वीस होऊ देत फक्त."

"तेव्हा काय होणार?"

"एक ओळ वाढते. दरवर्षी, याच दिवशी. गेल्या वर्षी बत्तीस झाल्या."

"दादाला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, आणि तो विणतोय होय?" नणंद हसली. वहिनी हसली नाही, तेव्हा तिचंही हसू तोंडातल्या तोंडात विरलं.

बाहेर लख्ख ऊन होतं. भिंतीवरचा काटा सव्विसावर आला आणि कपाटाची काच आतून धुरकटली. खोलीत ओल्या गारठ्याचा वास पसरला. मग अगदी हळू, सुईवर सुई घासल्याचा आवाज... थोडा वेळ... आणि थांबला.

"वहिनी... उघडू नका..."

"अगं, घाबरतेस काय? तुझाच भाऊ आहे."

तिने कपाट उघडलं. विणकाम नणंदेच्या मांडीवर ठेवलं. "तूच मोज."

नणंदेने बोट ठेवून मोजलं, पुन्हा मोजलं. तेहतीस. शेवटची ओळ गार आणि ओलसर होती, आणि तिच्या टाक्यांत एक आखूड केस विणला गेला होता. कुरळा, त्यांच्या घराण्याचे असतात तसा. पण पांढराशुभ्र. दादा गेला तेव्हा त्याचं डोकं काळंकुळकुळीत होतं.

वहिनीने तो केस बोटाने हलकेच गोंजारला. "थकलेत गं," ती म्हणाली. "सातच राहिल्या. तोवर मी एकसष्ट वर्षांची होईन. थांबेन की."

नणंदेने अर्जाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. विणकाम परत ठेवताना तिची नजर लोकरीच्या गुंड्यावर गेली. लिंबाएवढा उरला होता. त्यात फार तर तीन ओळी झाल्या असत्या.

मग चपला शोधत ती म्हणाली, "वहिनी... ही लोकर कुठल्या दुकानातली?"