ओलं चामडं रिकामं ठेवायचं नाही

मामाचं दुकान मला मिळालं तर माझा फायदा काय, हे मी आधीच मोजून ठेवलं होतं. एक उत्तरेची खिडकी, जिच्यातून दिवसभर सारखा उजेड येतो. एक जुनं शिलाई मशीन, जे फक्त मामाचं आणि माझं ऐकतं. बापाकडून मुलाकडे आलेली गिऱ्हाइकं. आणि खुद्द मामा, जो दुकानाबरोबर फुकट येणार होता. तोट्याच्या बाजूला एकच बाब होती, तीही मामाच.

"दुकान तुझंच आहे, घाईबाई," तो म्हणायचा. "फक्त एक होल्स्टर असं करून दाखव, की मला बोट ठेवायला जागा मिळू नये."

माझे केस पांढरे व्हायला लागले, तरी त्याला जागा मिळतच होती.

आम्ही पिस्तुलांची होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायची चामडी म्यानं, बनवतो. पिस्तुलं नाही, त्यांचे ओतीव साचे आमच्याकडे असतात. शिवलेलं चामडं कोमट पाण्यात बुडवायचं. बुडबुडे थांबले की काढायचं आणि मूळ रंग जरासा परत येईपर्यंत दम धरायचा. मग आत साचा सरकवून अंगठ्यांनी दाबत जायचं. शेवटी चापाभोवतीची रेघ हाडाच्या पट्टीने उठवायची. पूर्ण सुकेपर्यंत साचा आतच. सुकताना चामडं आवळतं, आणि ज्याच्यावर आवळतं त्याचाच आकार धरून बसतं. परीक्षा सोपी असते. उलटं धरून हलवलं तर पिस्तूल पडता कामा नये, आणि ओढलं तर अडता कामा नये.

"अगदी यांच्यासारखं," मामी म्हणायची. "उलटं टांगलं तरी सुटायचे नाहीत."

"आणि ओढलं तर?" मी विचारायचे.

"ओढतंय कोण?"

मामी वर्षभरापूर्वी गेली. ती कायम मामाच्या डाव्या हाताला, बुटक्या स्टुलावर बसायची. गिऱ्हाईक थापा मारायला लागलं की टेबलाखाली मामाचा हात धरून दोनदा दाबायची. लगेच मामाचा चेहरा दगडी व्हायचा. तिची करंगळी मशीनखाली सापडून वाकडी झाली होती, त्यामुळे तिने हात धरला की आकडा अडकवल्यासारखा वाटायचा. तिचा एकच नियम होता. ओलं चामडं रिकामं ठेवायचं नाही. का, तर म्हणे त्याला करमत नाही. मला खरं कारण ठाऊक होतं. रिकामं चामडं वेडंवाकडं आकसतं आणि अख्खा तुकडा वाया जातो.

तरीही मी ठेवलं. एका संध्याकाळी रेघ नीट दिसावी म्हणून साचा क्षणभर बाहेर काढला, तेवढ्यात बँकेचा पहारेकरी आला. त्याचं पोट वाढलं होतं आणि दोष आमच्या पट्ट्याला देत होता. त्याच्याशी हुज्जत घालता घालता हातातलं चामडं मी मामीच्या स्टुलावर ठेवलं, साचा एप्रनच्या खिशात टाकला आणि दुकान बंद करून घरी गेले. घरी खुर्चीत टेकले तेव्हा साचा टोचला.

सकाळी मी मामाच्या आधी दुकानात पोचले, पुरावा नष्ट करायला.

चामडं स्टुलावर होतं. सुकलेलं, घट्ट, सुरेख. पिस्तुलाचा त्यात मागमूस नव्हता. वर चार पेरांचे उंचवटे होते, एका बोटावर अंगठीची कड. शेवटचं बोट वाकडं.

मी ते लपवणार, तोच मागून मामाचा हात आला. त्याने चामडं उलटंपालटं केलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. मग आपला फावड्याएवढा डावा हात आत घातला. त्या आकारात तो मावणं शक्यच नव्हतं.

न अडता गेला.

मामाने तो बाहेर काढला नाही.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"अं? काही नाही."

मग तो हसला. डोळे पुसून म्हणाला, "दोनदा दाबलं बघ तिने."

मी म्हटलं, चामडं सुकताना आवळतं, तसं वाटलं असेल. त्यानेही मान डोलावली. मला बरं वाटावं म्हणून.

त्याच दिवशी किल्ल्या कायमच्या माझ्या हातात आल्या. बोट ठेवायला जागा नाही, म्हणाला.

त्यानंतर मामा रोज दुपारी मामीच्या स्टुलाशेजारी खुर्ची ओढून बसायचा, डावा हात चामड्यात. गिऱ्हाइकांना सांगायचा, सांधे धरलेत, उबेला ठेवलाय. मधूनच स्वतःशी खुदकन हसायचा. वापराने चामडं सैल पडतं. हे पडेना. हात बाहेर काढायला त्याला दिवसेंदिवस जास्त वेळ लागायला लागला.

"ओढून देऊ का?"

"ओढतंय कोण?" तो म्हणाला.

थंडी संपताना, अशाच एका दुपारी, तो खुर्चीतच गेला. चेहरा इतका समाधानी की डॉक्टरने आधी त्याला हाक मारून पाहिली. हात मीच सोडवला. बराच वेळ लागला.

चामडं मी घरी फडताळात ठेवलं. कोरडं. महिन्याभराने पाहिलं तर वाकड्या करंगळीवर एक रुंद अंगठा उमटला होता. कोरडं चामडं नवा आकार घेत नाही.

मग एका सकाळी ते ओलं होतं.

कोमट पाण्यातून नुकतंच काढल्यासारखं. फडताळाची फळी मात्र कोरडी. आता ओलं चामडं रिकामं कसं ठेवायचं? त्यात बसेल असा साचा घरात नव्हता. मी डावा हात आत घातला.

ऊबदार होतं. अगदी मापाचं.

"माझं छान चाललंय हं, मामा," मी म्हटलं. "एकटीने जमतंय सगळं."

दोनदा दाबलं.

रोज सकाळी ते ओलं असतं. रोज सकाळी मी हात घालून बसते. खरं सांगायचं तर मला आवडतं.

तर हिशेब असा. मामीला मामा मिळाला, मामाला मामी, आणि मला ठरल्याप्रमाणे सगळं दुकान. फेड तेवढी डाव्या हाताकडून चालली आहे. काल शिवताना चामड्यावर लाल डाग दिसला म्हणून खाली पाहिलं. सुई करंगळीतून आरपार गेली होती. मला कळलंच नव्हतं, आणि करंगळी जराशी वाकलेली होती.