तिघांच्या सहलीतला चौथा

ही गोष्ट रचलेली नाही. ज्याला खोटी वाटेल त्यानं खुशाल खोटी म्हणावी. श्रीरंगही तसंच म्हणायचा, सगळ्याच गोष्टींना.

दिवस पक्का आठवतो. २०२४ सालच्या नोव्हेंबरमधला चौथा रविवार. जर्मनीत त्याला टोटेनझोनटाग म्हणतात, म्हणजे मेलेल्या माणसांची आठवण काढायचा रविवार. ठिकाण गेर्लिंगेन, श्टुटगार्टहून येणारी सहा नंबरची ट्राम जिथे संपते ते गाव. वेळ दुपारचे साडेचार. पण तिकडे नोव्हेंबरात साडेचारलाच दिवा लावावा लागतो.

त्या साडेचारला श्रीरंग आपल्याच घरात शिरला...

आणि घरात त्याला जागाच उरली नव्हती.

पण आधी हा श्रीरंग कोण ते कळायला हवं.

श्रीरंग मूळचा पुण्याचा, वय बेचाळीस. गेर्लिंगेनमधल्याच एका इंजिनिअरिंग कंपनीत बऱ्यापैकी वरच्या जागेवर. सुट्टीत बीचवर लोळणारे सहकारी त्याच्या लेखी म्हशी. टूर कंपनीच्या बसमधून स्वित्झर्लंड बघणारे नातेवाईक म्हणजे मेंढरं. देवळात जाणारे बावळट. आणि कीर्तन ऐकणारे? त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

ते बोलणं तो सासऱ्यांसमोरच करायचा.

सासरे आत्माराम, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचे कुरुंदवाडचे. कीर्तनात पेटीची साथ करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. ऑक्टोबरात तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आले होते. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, फोनवर हळू आवाजात कीर्तन लावून, मटार सोलत बसायचे. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला, बुक्का लावला की हे स्टुलावरूनच दोन्ही हात जोडायचे. हजारो मैल लांबच्या बुवांना.

"अण्णा, ते बुवा तुम्हाला बघत नाहीयेत," श्रीरंग म्हणायचा.

"मी त्यांना बघतोय की, श्रीरंगराव," अण्णा हसून म्हणायचे.

आता ह्या थोर माणसाचा बेत ऐका. ईस्टरच्या सुट्टीत अमेरिकेत जायचं. तिथल्या लाल खडकांच्या दरीत, राष्ट्रीय उद्यानात. साध्या पायवाटेनं नाही, तर हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील अशा अरुंद घळीतून, दोराला लटकत उतरायचं. जायचे तिघं: श्रीरंग, बायको शुभा आणि चौदा वर्षांची ज्ञानदा.

हा गृहस्थ आयुष्यात फक्त सिंहगड चढला होता, तोही मोटारसायकलवरून. पण आता घरात ट्रेकिंगचे बूट घालून फिरायचा. रविवारी पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बारा बाटल्या भरून झोलिट्यूड राजवाड्यामागच्या जंगलात चालून यायचा आणि धापा टाकत सांगायचा, "तुम्हा लोकांना जमणार नाही हे."

दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला जायचा. त्यावर श्रीरंगचं भाषण.

"पापा, दास इस्ट पाइनलिश," लाज आणतोस, असं म्हणत ज्ञानदा डोळे फिरवायची. पोरीला बापाची लाज वाटायची. मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

अशाच एका रविवारी अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"श्रीरंगराव, एक सांगू? तिघांनी निघू नये म्हणतात. आमच्याकडे तिघं निघाले की एक सुपारी बरोबर घ्यायचो. तीच चौथी. माझ्याकडे आहे, देतो."

श्रीरंग टेबलावर थाप मारून हसला. "सुपारीला पासपोर्ट कुठून आणू, अण्णा? व्हिसासाठी फोटो काढू का तिचा?"

"श्रीरंग, पुरे," शुभा म्हणाली.

पण ह्याला चेव चढला. शेल्फवर एक दगड होता. मुठीएवढा, विटेसारखा लाल. चंद्रशेखर नावाच्या मित्रानं दोन वर्षांपूर्वी त्याच दरीतून गुपचूप उचलून आणला होता. तिथून साधा खडासुद्धा उचलायला बंदी आहे. श्रीरंगनं तो दगड नकाशावर मांडला. टेबलावरचा कापडी रुमाल उपरण्यासारखा गळ्यात घातला, पळीनं वाटी बडवली, आणि कीर्तनाच्या चालीवर सूर लावला,

"या होऽ चौथे महाराज! आमच्यासंगे चला, तुम्हाला तुमच्या घरी नेतोऽऽ!"

एवढ्यावर थांबला नाही. लॅपटॉप उघडून उद्यानाच्या परवान्याच्या फॉर्मवर चौथं नाव टाकलं. चौथे लालखडके. फॉर्म पाठवूनही दिला.

ज्ञानदासुद्धा हसली.

अण्णा हसले नाहीत.

"सुपारी मुकी असते, म्हणून घेतात," ते हळूच म्हणाले. "हा कुणाचा, कुठला, आपल्याला ठाऊक नाही. आवाहन केलंत... आता विसर्जन कोण करणार?"

"मी करतो ना," श्रीरंग म्हणाला. "वेळ आली की कचऱ्यात."

पहिले काही दिवस काहीच झालं नाही.

मग एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले बेल वाजवून दारात उभ्या राहिल्या. त्या भागात आठवड्याआड एकेका घरानं जिना झाडायचा असतो, केअरवोखे म्हणतात. तो आठवडा ह्यांचा होता.

"आल्झो, हेर श्रीरंग, जिना झाडलात की नाही?"

"कालच झाडला."

"मग हे काय?"

पायऱ्यांवर... लाल वाळू होती.

बारीक, कोरडी. खालून वर आलेली. थेट ह्यांच्या दारापर्यंत.

"तुमच्या पाहुण्यांना सांगा बूट पुसायला," हेबर्लेबाई म्हणाल्या.

"पाहुणे? सासरे आहेत फक्त."

"म्हातारे नव्हेत. दुसरे."

श्रीरंगनं दार लावून घेतलं. "वय झालंय बाईचं. कामधंदा नाही," म्हणाला आणि मुकाट्यानं जिना झाडला.

दुसऱ्या दिवशी परत झाडला.

तिसऱ्या दिवशी परत.

मग एके दुपारी अण्णा स्वयंपाकघरात कीर्तन ऐकत होते. बाहेरच्या खोलीतून कुणीतरी ठेका धरला.

टक्... टक्... टक्...

दगडावर दगड आपटावा तसा.

अण्णांना वाटलं, नात आहे. बरं वाटलं त्यांना. पण चाळीस वर्षं साथ केलेला माणूस. ठेका अर्धी मात्रा मागे पडत होता, दर वेळी तेवढाच. कानाला टोचायला लागला.

"ज्ञानदा, अगं किंचित पुढे घे," त्यांनी हाक मारली.

ठेका थांबला.

ज्ञानदा हँडबॉलच्या सरावाला गेली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

बाहेरच्या खोलीत टेबलाची चौथी खुर्ची मात्र... मागे ओढलेली होती. बसायला ओढतात तशी.

अण्णांनी संध्याकाळी हे सांगितलं. श्रीरंगनं शुभाकडे बघून कानशिलाशी बोट फिरवलं.

परवाना आला. चार जणांचा. श्रीरंगनं चौथं नाव काढलं. पुन्हा उघडलं तर चारच. पुन्हा काढलं. पुन्हा चार.

"अमेरिकन सरकारी वेबसाइट. दुसरं काय होणार!"

गाडीच्या बुकिंगमध्ये त्यानं तीन लिहिले होते. उत्तर आलं, चार प्रवासी.

आता मात्र तो चिडला. घाबरला होता म्हणूनच चिडला, पण ते कबूल करणारा तो माणूस नव्हे. त्या टोटेनझोनटागच्या सकाळी अण्णांवर वसकन ओरडला, "तुमच्यामुळे झालंय हे! घरात टाळ कुटून कुटून सगळ्यांच्या डोक्यात भुतं घातलीत!"

 अण्णांनी फोनवरचं कीर्तन बंद केलं, एवढंच.

दुपारी श्रीरंगनं दगड खिशात घातला आणि जंगल गाठलं. वाटेत स्मशानभूमीत घरोघरचे लोक थडग्यांवर दिवे लावत होते. ते बघून तो नाक मुरडत पुढे गेला. ओढ्याच्या वर उभं राहून त्यानं दगड भिरकावला.

"जा तिकडे मर!"

दगड पडल्याचा आवाज... आलाच नाही.

तो घरी परतला तेव्हा साडेचार वाजले होते. किल्लीनं दार उघडलं. आतून ज्ञानदाचं खळखळून हसणं येत होतं. असं ती बापाशी कधी हसली नव्हती.

टेबलावर नकाशा. एका बाजूला शुभा, शेजारी ज्ञानदा. आणि दोघी बोलत होत्या चौथ्या खुर्चीशी.

खुर्ची रिकामी होती.

"काय नाटक आहे हे?" श्रीरंगनं विचारलं.

कुणी मान वर केली नाही.

सकाळच्या भांडणाचा राग असेल, असं त्याला वाटलं. "बरं, नका बोलू," म्हणत तो लॅपटॉपकडे वळला. नवी मेल आली होती. परवान्यात बदल. व्यक्ती तीन.

"बघितलंत? टाकून दिला, विषय संपला!" तो जिंकल्यासारखा ओरडला.

मग त्यानं नावं वाचली.

शुभा.

ज्ञानदा.

चौथे लालखडके.

त्यानं खाली बघितलं, वर बघितलं. त्याचं स्वतःचं नाव... कुठेच नव्हतं.

"शुभा!"

ती नकाशावर बोट फिरवत हसत होती. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं शाल आवळून घेतली.

"ज्ञानदा, दार उघडं राहिलंय का गं? वारा येतोय."

ज्ञानदा उठली. त्याच्या अंगावरूनच जावं तशी गेली, दार लावलं आणि परत येऊन बसली.

 बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा श्रीरंगला रडू फुटलं. माझी बायको, माझी पोर, माझी खुर्ची... तो तोंडातल्या तोंडात बडबडत होता आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

"उभे का श्रीरंगराव?"

स्वयंपाकघराच्या दारात अण्णा होते. थेट त्याच्याकडे बघत.

"अण्णा! अण्णा, मी तुम्हाला दिसतोय?"

"तुम्हाला नाही का मी दिसत होतो रोज? पण बघायचात कुठे." त्यात टोमणा नव्हता. जावयाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं बोलले. "बोलावलेल्याला हाकललंत ना?"

श्रीरंगनं मान हलवली.

"बोलावलेला हाकलला की घरात एक जागा रिकामी होते. कुणाची, ते आपण नाही ठरवत. चला. त्या दिवशी गळ्यात घातलेला तो रुमाल घ्या."

दोघं टॉर्च घेऊन जंगलात गेले. सत्तरीचे अण्णा पुढे, ट्रेकिंगच्या बुटांतला श्रीरंग मागे, पोरासारखी त्यांची बाही धरून. अण्णा पुटपुटत नाम घेत होते. ओढ्याकाठी ओल्या पानांवर दगड पडला होता. कोरडा ठणठणीत.

दगडापासून पावलं निघाली होती... लाल, अनवाणी. गावाच्या दिशेनं.

परत येणारी एकही नव्हती.

श्रीरंगनं गुडघे टेकले. "चुकलं माझं. चेष्टा केली मी. चला... तुम्हाला तुमच्या घरी पोचवतो." त्याच रुमालात दगड घेतला. दगड गरम होता.

दारात शिरताच शुभा म्हणाली, "अरे, कुठे गेला होतास न सांगता? जेवायचं नाही का?"

 जेवताना त्यानं ज्ञानदाला विचारलं, "दुपारी कुणाशी बोलत होतीस तू?"

तिनं चमत्कारिक नजरेनं बघितलं.

"मिट डिर डोख, पापा."

तुझ्याशीच तर, बाबा.

सहल रद्द झाली. सोमवारी दगड खोक्यात भरून उद्यानाच्या पत्त्यावर पाठवला, माफीच्या पत्रासकट. एकटा जायला नको म्हणून अण्णांनी आपली सुपारी त्यात ठेवली. खोक्याला चिकटपट्टी श्रीरंगनं स्वतः लावली. दगड आत होता. त्यानं तीनदा बघितलं होतं.

वाळू थांबली. डिसेंबरात अण्णा कुरुंदवाडला परतले. निघताना श्रीरंगनं त्यांना वाकून नमस्कार केला. शुभा बघतच राहिली.

जानेवारीच्या शेवटी उद्यानाकडून छापील पत्र आलं. वस्तू परत केल्याबद्दल आभार. खाली कुणीतरी पेननं दोन ओळी लिहिल्या होत्या.

खोकं सीलबंद मिळालं. आत एक सुपारी होती.

दगड नव्हता.

श्रीरंगनं पत्र कुणालाही दाखवलं नाही.

हल्ली तो रविवारी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कीर्तन ऐकतो. चेष्टेनं नाही. परवाच्या रविवारी भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना, त्यानं अण्णांना फोन लावला होता. शुभा आणि ज्ञानदा ट्रामनं शहरात गेल्या होत्या. बाजूला कीर्तन चालू होतं.

"ऐकू येतंय का अण्णा? छान रंगलंय."



"श्रीरंगराव... ठेका कोण धरतंय?"

"कोणी नाही अण्णा. मी एकटाच आहे घरात."

"अर्धी मात्रा मागे आहे," अण्णा म्हणाले.

श्रीरंगनं मागे वळून बघितलं नाही. फोन कानाशी धरूनच तो उठला. ताटाळ्यातून चौथं ताट काढलं, टेबलावर मांडलं आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "बसा."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.