आत उघडणारं दार

मिस्त्रींची नजर अशी तयार, की चौकट त्यांनी डोळ्यांनी मापावी आणि टेपनं नंतर नुसती मान डोलवावी. त्यामुळे एका बाईंनी आपली घरगाडी त्यांच्या शेडसमोर आणून लावली, तेव्हा काम त्यांना काही अवघड वाटलं नाही. मिनीबसएवढी गाडी. आत ओटा, पलंग, संडास, सगळं काड्यापेटीत कोंबल्यासारखं. झोपायच्या खोलीचं आणि संडासाचं अशी दोन दारं काढून तिथे सरकती बसवायची होती.

"उघडताना जागा अडते ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो, जागाही अडते," बाई म्हणाल्या आणि खाली उतरून खुर्चीवर बसल्या. निवृत्त नर्स होत्या त्या. आत पुन्हा फिरकल्या नाहीत.

पहिलं दार तासाभरात निघालं, नवं वरच्या पट्टीवर चढून अलगद सरकायलाही लागलं. मग मिस्त्री संडासाकडे वळले. हे दार आतल्या बाजूला उघडणारं. त्यांनी ढकललं. चार बोटं आत गेलं आणि थांबलं.

लाकूड कशाला अडलं, की ठक्कन वाजतं. हे वाजलं नाही. गादीला टेकावं तसं थांबलं. मिस्त्रींनी फटीला डोळा लावला. आत काहीच नव्हतं. दाराची कड हवेत अडली होती. ओल्या साबणाचा वास येत होता, नुकतंच कुणी तोंड धुतल्यासारखा... आणि पाण्याची टाकी तर कोरडी ठणठणीत. त्यांनी खांदा लावून जोर केला. दार बोटभर आत गेलं आणि हळूच बोटभर परत आलं.

मिस्त्री खाली उतरले. "बाई, ते दार..."

"अडतंय ना?" बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "आमचे हे आत पडले. छातीत कळ आली आणि दारालाच टेकून बसले. मी बाहेरून ढकलतेय... आडरस्ता, मदतीला चिटपाखरू नाही. जन्मभर परक्यांचे जीव वाचवले हो मी. आणि इथे एवढीशी फट. नुसता हात धरता आला त्यांचा."

"बोलत होते?"

"'ढकलू नको गं, लागतंय,' म्हणाले. म्हणून मी थांबले." त्यांनी पदरानं ओठ टिपले. "थांबायला नको होतं."

बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. मिस्त्रींनी फटीतून कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपडत स्क्रू काढायला घेतले. तिसऱ्या स्क्रूला हात थबकला. मनगटावर कुणाचा तरी श्वास लागत होता. संथ... थांबून थांबून.

हात ओढून पळावं असं फार वाटलं. पण बाहेर बाई बसल्या होत्या.

"झालंच हं, दादा," मिस्त्री पुटपुटले. "मी ढकलत नाही."

दार निघालं. नवं चढलं. मिस्त्रींनी हाक मारली तशा बाई आत आल्या आणि एका बोटानं त्यांनी दार सरकवलं. आतल्या रिकाम्या जागेकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"एवढंच हवं होतं," त्या म्हणाल्या आणि हुंदका फुटला. जाताना मात्र चेहरा मोकळा होता. कित्येक महिन्यांनी आज झोप लागेल, म्हणाल्या.

उन्हं कलली तसे मिस्त्री आपल्या घराला लागून असलेली शेड आवरायला लागले. संडासाचं जुनं दार मागच्या भिंतीला तिरकं टेकवलेलं होतं, येता-जाता पायात येत होतं. त्यांनी ते भिंतीशी सरळ करायला रेटलं. ते गेलं नाही. वाजलंही नाही. गादीला टेकावं तसं थांबलं.

मिस्त्रींनी झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण काढावं, तसं दोन्ही हातांनी जपून दार उचललं आणि बाजूला ठेवलं. मागे नुसती भिंत. या भिंतीला वर्षभरात कधी ऊन लागत नाही. त्यांनी खाली बसून तिला तळहात लावला.

बसलेल्या माणसाच्या पाठीएवढी जागा कोमट होती. आणि हात तिथेच असताना ती ऊब तळहाताखालून हळूच निघाली... आणि घराच्या बाजूला सरकली.